ड्रायव्हरची साक्ष : प्रस्तावना

लिनक्स सर्व्हरवर चालणाऱ्या एका नोंदणी-प्रणालीतून मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये गावाचे नाव जाते: नाशिक. टेबलात मात्र पाच प्रश्नचिन्हे उमटतात. प्रोग्रामर सांगतो, आमच्याकडून नाव बरोबर गेले. डीबीए सांगतो, जे आले तेच साठवले. दोघेही प्रामाणिकपणे बोलत असतात, कारण दोघांनाही आपापल्या टोकापुरतेच दिसते. वाटेत त्या नावाचे काय झाले हे सांगू शकतो तो मधला डेटाबेस ड्रायव्हर. एरवी तो गप्प असतो. त्याला बोलते करायला बहुतेक वेळा एका कॉन्फिगरेशन फाइलमधल्या एक-दोन ओळी पुरतात.

अशा जोडणीत पुष्कळ ठिकाणी फ्रीटीडीएस हा मुक्त ड्रायव्हर वापरलेला असतो. त्याच्या 'फ्रीटीडीएस.कॉन्फ' या फाइलमध्ये 'ग्लोबल' विभागाखाली 'डम्प फाइल' ही ओळ लिहून तिच्यापुढे लॉगचा पत्ता दिला आणि प्रोग्राम पुन्हा सुरू केला, की सर्व्हरकडे जाणारे आणि तिकडून येणारे प्रत्येक पॅकेट हेक्स आकड्यांत लिहिले जाऊ लागते. एसक्यूएल सर्व्हरशी बोलण्याच्या टीडीएस प्रोटोकॉलच्या ७.० आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत क्वेरीचा मजकूर दोन-दोन बाइटांच्या युनिकोडमध्ये जातो आणि प्रत्येक जोडीत धाकटा बाइट आधी येतो. त्यामुळे 'नाशिक' धड गेले असेल, तर डम्पमध्ये '२८ ०९, ३ई ०९, ३६ ०९, ३एफ ०९, १५ ०९' अशा पाच जोड्या सापडतात. न, काना, श, पहिली वेलांटी आणि क.

इथे नवखा वाचक हमखास अडखळतो. '३एफ' हा प्रश्नचिन्हाचा आकडा त्याला पाठ असतो आणि तो दिसताच तो म्हणतो, बघा, प्रश्नचिन्ह इथेच तयार झाले. पण प्रश्नचिन्हाची जोडी '३एफ ००' अशी असते. '३एफ ०९' ही वेलांटी आहे. पाचही जोड्या शाबूत असतील, तर ड्रायव्हरने आपले काम चोख केले आहे आणि गडबड सर्व्हरच्या बाजूची आहे. बहुधा क्वेरीतल्या अक्षरमालेआधी 'एन' लिहायचा राहिलेला असतो, किंवा कॉलम 'एनव्हारचार'ऐवजी 'व्हारचार' असतो. याउलट डम्पमध्ये 'ई० ००, ए४ ००, ए८ ००' अशी लांबलचक माळ दिसली, तर प्रोग्रामने यूटीएफ-८ मजकूर दिला आणि ड्रायव्हरने तो लॅटिन समजून पाठवला, असा त्याचा अर्थ. मग दुरुस्ती त्याच फाइलमध्ये करायची: 'क्लायंट कॅरसेट' या ओळीसमोर यूटीएफ-८ लिहायचे. दोन टीममध्ये आठवडाभर चालू शकणारा वाद दहा बाइट वाचून मिटतो.

ड्रायव्हरच्या लॉगचे महत्त्व असे अगदी व्यवहारातले आहे. हा लॉग नीट चालू कसा करायचा, वाचायचा कसा आणि काम झाल्यावर बंद कसा करायचा, हा पुढील पानांचा विषय आहे. या प्रस्तावनेत फायलींची आणि सेटिंगांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती रोमन लिपीत, मूळ स्पेलिंगनेच लिहावी लागतात.

ड्रायव्हर हा थर आला कुठून, हे आधी पाहायला हवे. १९८०च्या दशकात प्रत्येक डेटाबेसची प्रोग्रामशी बोलण्याची रीत वेगळी होती. ओरॅकलसाठी लिहिलेला प्रोग्राम डीबी२वर तसाच्या तसा चालत नसे. एसक्यूएल अॅक्सेस ग्रुप या कंपन्यांच्या गटाने सामाईक कॉल-इंटरफेसवर काम सुरू केले आणि त्याच्या पायावर मायक्रोसॉफ्टने १९९२मध्ये ओडीबीसीची पहिली आवृत्ती आणली. प्रोग्रामने ठरावीक फंक्शन्स बोलवायची आणि त्या त्या डेटाबेसच्या ड्रायव्हरने ती आपल्या सर्व्हरच्या भाषेत उतरवायची, अशी ही वाटणी होती. १९९७मध्ये जावाच्या १.१ आवृत्तीबरोबर जेडीबीसी आले आणि हीच वाटणी जावाच्या जगात रुजली. आज पायथनमधून चालणारा अहवाल असो की एक्सेलमधून ओढलेला डेटा, मध्ये कोणता ना कोणता ड्रायव्हर असतोच.

या वाटणीमुळे प्रोग्रामरची मोठी सोय झाली, पण एक आडपडदाही आला. प्रोग्राममध्ये लिहिलेली क्वेरी आणि तारेवरून गेलेली क्वेरी एकच असेल याची खात्री उरली नाही. ड्रायव्हर तारखांचे स्वरूप बदलतो, अक्षरसंच बदलतो, मूल्यांना प्रकार चिकटवतो, स्टेटमेंट आधी तयार करून ठेवतो, निकालाच्या ओळी गठ्ठ्याने मागवतो, ट्रान्झॅक्शन उघडतो. एसक्यूएल सर्व्हरच्या जावा ड्रायव्हरचे एक उदाहरण सर्वपरिचित आहे. तो अक्षरमाला मूळ सेटिंगनुसार युनिकोड म्हणून, म्हणजे 'एनव्हारचार' प्रकारात पाठवतो. टेबलातला कॉलम 'व्हारचार' असेल, तर सर्व्हरला तुलनेसाठी कॉलमचा प्रकार बदलावा लागतो आणि काही कोलेशनांत इंडेक्स असूनही सगळी पाने चाळावी लागतात. प्रोग्राममध्ये शोधून यातले काहीही दिसत नाही, कारण तिथे फक्त एक साधी अक्षरमाला लिहिलेली असते.

मग नोंद ठेवायची कुणी? सुरुवातीच्या जेडीबीसीमध्ये ड्रायव्हर मॅनेजरला लॉग कुठे लिहायचा हे कोडमधूनच सांगावे लागे. म्हणजे लॉग हवा असेल तर प्रोग्राम बदला, पुन्हा बांधा, तपासा, चढवा. डेव्हलपरच्या मशीनवर हे चालून जाते. बँकेच्या किंवा रुग्णालयाच्या प्रॉडक्शन सर्व्हरवर कोडमधली एक ओळ बदलायलाही मंजुरी लागते, रिलीजची वाट पाहावी लागते आणि तोवर मूळ दोष गायब झालेला असतो. सपोर्टच्या टीमकडे तर बऱ्याचदा सोर्सकोड नसतोच. विकत घेतलेले पॅकेज चालवायचे आणि तक्रार आली की उत्तर द्यायचे, एवढेच तिच्या हाती असते.

कॉन्फिगरेशन फाइलने हा अधिकार कोड लिहिणाऱ्याकडून प्रणाली चालवणाऱ्याकडे आणला. प्रोग्रामच्या एकाही बाइटला हात न लावता, फाइलमधल्या एका ओळीने ड्रायव्हरला नोंद ठेवायला सांगता येते. या छोट्या बदलामुळे रात्रपाळीच्या इंजिनिअरच्या हातात पुरावा आला, आणि पुराव्याबरोबर तो जपून हाताळण्याची जबाबदारीही आली. या पुस्तकाची मांडणी या दोन गोष्टींभोवती केलेली आहे.

ओडीबीसीपासून सुरुवात करणे सोपे. लिनक्सवर युनिक्सओडीबीसी या ड्रायव्हर मॅनेजरची 'ओडीबीसीइन्स्ट.आयएनआय' ही फाइल असते. तिच्यात 'ओडीबीसी' नावाच्या विभागात 'ट्रेस = येस' आणि 'ट्रेसफाइल' पुढे लॉगचा पत्ता, अशा दोन ओळी लिहिल्या की प्रोग्रामने केलेला प्रत्येक कॉल आणि त्याचा परतावा नोंदला जातो: कोणते फंक्शन आत गेले, कोणती क्वेरी होती, यश आले की चूक. विंडोजवर हीच सोय ओडीबीसी अॅडमिनिस्ट्रेटरच्या 'ट्रेसिंग' टॅबमध्ये आहे आणि तिथली निवड रजिस्ट्रीत साठवली जाते. पण विंडोजच्या ६४-बिट आवृत्तीत अॅडमिनिस्ट्रेटर दोन असतात, एक ६४-बिट प्रोग्रामांसाठी आणि एक ३२-बिटसाठी. जुना ३२-बिट प्रोग्राम तपासताना चुकीचा अॅडमिनिस्ट्रेटर उघडणे ही रोजची गफलत आहे.

मॅनेजरचा लॉग आणि ड्रायव्हरचा लॉग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सुरुवातीलाच पक्के करून घ्यावे. मॅनेजर प्रोग्राम आणि ड्रायव्हर यांच्यामधला संवाद लिहितो. क्वेरीत बांधलेल्या पॅरामीटरचा मेमरीतला पत्ता तो देतो, त्यातले मूल्य देत नाही. ड्रायव्हर आणि सर्व्हर यांच्यात काय घडले, हे पाहायला ड्रायव्हरचा स्वतःचा लॉग लागतो. पोस्टग्रेसच्या ओडीबीसी ड्रायव्हरसाठी 'ओडीबीसी.आयएनआय'मधल्या त्या डेटा सोर्सखाली 'डीबग' आणि 'कॉमलॉग' यांना १ हे मूल्य द्यावे लागते. डीबी२साठी 'डीबी२सीएलआय.आयएनआय' ही फाइल आहे. ओरॅकलच्या क्लायंटसाठी 'एसक्यूएलनेट.ओरा'मध्ये 'ट्रेस_लेव्हल_क्लायंट' लिहितात. तिथे ४, १० आणि १६ अशा वाढत्या पातळ्या आहेत, आणि १६वर पॅकेटमधला मजकूरही उतरतो. ओरॅकल ११जीपासून निदानाच्या फायलींची जागा बदलली. आपण दिलेल्या फोल्डरमध्येच ट्रेस हवा असेल, तर 'डायग_एडीआर_एनेबल्ड' बंद करावे लागते. ही ओळ राहून गेली की लोक रिकाम्या फोल्डरकडे पाहत बसतात.

डीबी२च्या फाइलमधली एक सोय मुद्दाम सांगण्यासारखी आहे. बहुतेक ड्रायव्हर आपली फाइल प्रोग्राम सुरू होताना एकदाच वाचतात, म्हणून लॉग चालू करायला रीस्टार्ट लागतो. रीस्टार्टमध्ये पुष्कळदा मूळ दोषच निघून जातो. डीबी२मध्ये 'ट्रेसरिफ्रेशइंटरव्हल' या ओळीत सेकंद लिहिले, तर ड्रायव्हर तेवढ्या अंतराने फाइल पुन्हा पाहतो. 'ट्रेसपीआयडीलिस्ट' दिली, तर ठरावीक प्रोसेसपुरताच लॉग करतो. मात्र 'ट्रेसरिफ्रेशइंटरव्हल'ची ओळ आधीपासून फाइलमध्ये असावी लागते. दोष आल्यावर ती लिहिली, तर ती लागू व्हायलाही एक रीस्टार्ट हवाच. म्हणून प्रणाली बसवतानाच निदानाची तयारी करून ठेवावी, असा आग्रह या पुस्तकात जागोजागी आढळेल.

जावाच्या जगात रचना निराळी आहे. २००२ साली जावा १.४मध्ये लॉगिंगची अंगभूत सोय आली. तिच्या 'लॉगिंग.प्रॉपर्टीज' या फाइलमध्ये कुणाचा लॉग हवा आणि कोणत्या पातळीचा हवा, हे लिहितात. पातळ्या सात आहेत. 'सिव्हियर'पासून त्या सुरू होतात आणि 'फायनेस्ट'ला संपतात. पोस्टग्रेसच्या जावा ड्रायव्हरसाठी 'ऑर्ग.पोस्टग्रेस्क्यूएल.लेव्हल = फायनेस्ट' आणि मायक्रोसॉफ्टच्या ड्रायव्हरसाठी 'कॉम.मायक्रोसॉफ्ट.एसक्यूएलसर्व्हर.जेडीबीसी.लेव्हल = फायनेस्ट' अशी ओळ लागते. ओरॅकलच्या जावा ड्रायव्हरने बराच काळ लॉगिंगसाठी वेगळी जार फाइल दिली, जिच्या नावाच्या शेवटी '_जी' असते. साध्या जारसमोर कितीही सेटिंगे लिहिली तरी एक ओळ उमटत नसे. मूळ ड्रायव्हरला अजिबात हात लावायचा नसेल, तर पी६स्पायसारखे साधन त्याच्यावर पांघरूण घालून बसते आणि 'स्पाय.प्रॉपर्टीज'मधल्या सूचनांप्रमाणे प्रत्येक क्वेरी तिला लागलेल्या वेळेसह लिहिते.

'फायनेस्ट लिहिले, तरी काही येत नाही' ही जावातली सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. कारण तिथे दारे दोन आहेत. लॉगर ओळ तयार करतो आणि हँडलर ती बाहेर लिहितो. दोघांना स्वतंत्र पातळी असते. कन्सोल हँडलरची मूळ पातळी 'इन्फो' आहे. लॉगरचे दार सताड उघडले तरी हँडलर बारीक नोंदी अडवतोच. त्याचीही पातळी वाढवावी लागते. फाइल हँडलरची मूळ पातळी सगळे लिहिण्याची असते, पण तो मूळ सेटिंगवर एक्सएमएलमध्ये लिहितो आणि वाचणाऱ्याचे डोळे शिणतात. त्याला 'सिम्पलफॉर्मॅटर' द्यावा. शिवाय फाइल एकच ठेवली असेल आणि 'अपेंड' चालू नसेल, तर प्रोग्राम पुन्हा सुरू होताच आधीचा लॉग पुसला जातो. नेमका जो पुरावा हवा होता तो अशा वेळी गेलेला असतो.

आता हा लॉग वाचताना काय सापडते, तेही जरा जवळून पाहू. पोस्टग्रेसच्या जावा ड्रायव्हरच्या बारीक लॉगमध्ये दोन जातींच्या ओळी असतात. 'एफई' अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळी क्लायंटकडून गेलेल्या आणि 'बीई'च्या सर्व्हरकडून आलेल्या. एका साध्या 'सिलेक्ट'साठी पार्स, बाइंड, डिस्क्राइब, एक्झिक्यूट आणि सिंक असे पाच संदेश जातात. उत्तरात इतर संदेशांबरोबर डेटाच्या ओळी येतात आणि शेवटी 'रेडी फॉर क्वेरी' येतो. पार्सच्या ओळीत 'स्टेटमेंट'समोर सुरुवातीला 'नल' लिहिलेले असते. तेच तयार स्टेटमेंट पाचव्यांदा चालवले, की तिथे 'एस_१' असे नाव दिसू लागते. ड्रायव्हरच्या 'प्रिपेअर थ्रेशोल्ड' या सेटिंगचे मूळ मूल्य ५ आहे. तिथून पुढे तो सर्व्हरवर नामांकित स्टेटमेंट ठेवतो आणि पुन्हा पुन्हा पार्स करण्याचे कष्ट वाचवतो.

या छोट्या नावामागे एक जुने कोडे दडलेले आहे. नामांकित स्टेटमेंटसाठी पोस्टग्रेस पहिल्या पाच खेपांना प्रत्यक्ष मूल्ये पाहून खास आराखडा करतो. त्यानंतर सर्वसाधारण आराखडा फार महाग वाटला नाही, तर तो वापरायला लागतो. ड्रायव्हरच्या पहिल्या चार बेनावी खेपा आणि सर्व्हरच्या पाच खास खेपा मिळून नऊ. त्यामुळे एखादी क्वेरी पहिल्या नऊ वेळा झटकन येते आणि दहाव्यापासून रखडू लागते. डीबीए ती स्वतः टाइप करून चालवतो तेव्हा ती पुन्हा झटकन येते, कारण त्याच्या हातच्या क्वेरीला नाव नसते. ड्रायव्हरच्या लॉगमध्ये वेळ आणि 'एस_१' शेजारी शेजारी दिसले की उलगडा होतो. पोस्टग्रेस १२पासून, म्हणजे २०१९पासून, 'प्लॅन_कॅश_मोड' या सेटिंगने खास आराखडाच वापरायला लावता येते.

हेच 'एस_१' आणखी एका प्रसंगात समोर येते. मध्ये कनेक्शन वाटून देणारा पीजीबाउन्सर असेल आणि तो ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल, तर दर ट्रान्झॅक्शनला सर्व्हरचे वेगळे कनेक्शन मिळू शकते. एका कनेक्शनवर ठेवलेले स्टेटमेंट दुसऱ्यावर सापडत नाही आणि 'एस_१ अस्तित्वात नाही' अशी चूक अधूनमधून येत राहते. पीजीबाउन्सरने २०२३मध्ये १.२१ आवृत्तीत यावर उपाय दिला. जुन्या आवृत्तीवर चालणाऱ्या प्रणालीत मात्र ही चूक नेमकी कुठून येते, हे ड्रायव्हरचा लॉग पाहिल्याशिवाय कळणे अवघड असते.

आता खर्चाचा हिशेब. एका क्वेरीमागे लॉगमध्ये २ केबी मजकूर पडतो आणि सेकंदाला ५०० क्वेरी चालतात असे धरले, तर सेकंदाला १ एमबी, तासाला साडेतीन जीबीहून अधिक आणि दिवसाला ८६ जीबीच्या आसपास मजकूर साठतो. शुक्रवारी संध्याकाळी चालू केलेला लॉग सोमवारपर्यंत डिस्क भरून टाकू शकतो. मग ज्या प्रणालीचा आजार शोधायचा होता तीच बंद पडते. म्हणून जावाच्या फाइल हँडलरला 'लिमिट' आणि 'काउंट' दोन्ही द्यावेत: ५० एमबीच्या १० फायली ठेवल्या की अर्ध्या जीबीपुढे काही जात नाही. वेगाचीही किंमत मोजावी लागते. प्रत्येक कॉलमागे फाइलमध्ये लिहिणे आले, आणि त्याने प्रोग्रामची लय बदलते. दोन ट्रान्झॅक्शनांच्या शर्यतीतून उद्भवणारा डेडलॉक लॉग चालू केल्यावर दिसेनासा होतो, असेही घडते. हे माहीत नसेल तर लोक 'दोष आपोआप गेला' असे लिहून तिकीट बंद करतात आणि लॉग बंद होताच तो परत येतो.

सर्वांत गंभीर बाब गोपनीयतेची आहे. बाइंडच्या ओळीत पॅरामीटरची मूल्ये जशीच्या तशी उतरतात: मोबाइल क्रमांक, आधार क्रमांक, रुग्णाच्या तपासणीचा निकाल, पगार. डेटाबेसमध्ये ज्या कॉलमवर कडक परवानग्या लावलेल्या असतात, त्याच कॉलममधली माहिती 'टीएमपी' फोल्डरमधल्या साध्या मजकूर फाइलमध्ये कुणालाही वाचता येईल अशी पडून राहते. लॉगमधून गुपिते सांडण्याची उदाहरणे मोठमोठ्या कंपन्यांतली आहेत. मे २०१८मध्ये ट्विटरने आपल्या ३३ कोटींहून अधिक वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला. एका दोषामुळे पासवर्ड हॅश होण्याआधीच अंतर्गत लॉगमध्ये लिहिले जात होते. मार्च २०१९मध्ये फेसबुकनेही कोट्यवधी पासवर्ड आपल्या अंतर्गत साठवणीत वाचता येतील अशा रूपात राहिल्याचे मान्य केले आणि आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगाने सप्टेंबर २०२४मध्ये त्याबद्दल मेटाला ९.१ कोटी युरोंचा दंड केला. या घटना ड्रायव्हरच्या लॉगच्या नव्हत्या, पण वाट तीच आहे: निदानासाठी लिहिलेला मजकूर संरक्षणाच्या कुंपणाबाहेर जातो. भारतातही २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

लॉग कुठे लिहायचा, हे ठरवण्याची मुभाही धोक्याची ठरू शकते. पोस्टग्रेसच्या जावा ड्रायव्हरमध्ये पूर्वी कनेक्शनच्या पत्त्यातच 'लॉगरफाइल' आणि 'लॉगरलेव्हल' देता येत असत. सोय मोठी होती, पण कनेक्शनचा पत्ता बाहेरच्या माणसाला बदलता आला, तर त्याला सर्व्हरवर हव्या त्या जागी फाइल लिहिता येत होती. वेब सर्व्हरच्या फोल्डरमध्ये जेएसपी पान तयार करून ते चालवण्याचा मार्गही त्यातून निघत होता. २०२२मध्ये ही त्रुटी सीव्हीई क्रमांकाने नोंदली गेली आणि ४२.३.३ या आवृत्तीत या दोन गुणधर्मांचे काम थांबवले गेले. आता लॉगचा पत्ता 'लॉगिंग.प्रॉपर्टीज'मधूनच द्यावा लागतो, म्हणजे ज्याला सर्व्हरवरची ती फाइल लिहिण्याची परवानगी आहे त्यालाच. जुने लेख वाचून पत्त्यात 'लॉगरफाइल' जोडणाऱ्यांना नव्या ड्रायव्हरवर काहीच का मिळत नाही, याचे उत्तरही यातच आहे.

लॉग चालू होत नाही तेव्हा कारण बहुधा साधे असते. फाइल चुकीची असते. युनिक्सओडीबीसीत 'ओडीबीसीइन्स्ट -जे' ही आज्ञा दिली की कोणत्या फायली वाचल्या जात आहेत, हे छापून येते. सुरुवात तिथून करावी. पण तिथेही एक मेख आहे. इंजिनिअर स्वतःच्या लॉगिनने आज्ञा चालवतो आणि त्याला स्वतःच्या होम फोल्डरमधली फाइल दिसते, तर प्रोग्राम सर्व्हिसच्या खात्यावर चालत असतो आणि त्याची फाइल दुसरीच असते. त्याच खात्याला लॉगच्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नसेल, तरीही लॉग येत नाही, आणि अनेक ड्रायव्हर याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

घड्याळाचा प्रश्न महाराष्ट्रातल्या वाचकाला विशेष जवळचा वाटेल. हिंजवडी, खराडी किंवा ऐरोलीत बसून अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या प्रणालींना सपोर्ट देणाऱ्या टीमसमोर एक लॉग यूटीसीत, दुसरा तिथल्या स्थानिक वेळेत आणि तिकीट भारतीय वेळेत असते. साडेपाच तासांचा फरक मनातल्या मनात मिळवताना तारीखच बदलून जाते. त्यावर ड्रायव्हरचा लॉग एका मशीनचा आणि सर्व्हरचा लॉग दुसऱ्याचा. त्यांच्या घड्याळांत दोन सेकंदांचे अंतर असले, तरी कोणत्या कॉलला कोणते उत्तर, हे जुळवणे कठीण होते. सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांत भारतातल्या संस्थांना घड्याळे अधिकृत काल-सर्व्हरशी जुळती ठेवायला आणि प्रणालींचे लॉग १८० दिवस सुरक्षित जपायला सांगितले आहे. मात्र बारीक पातळीचा ड्रायव्हर-लॉग सहा महिने सरसकट चालू ठेवणे हा या निर्देशांचे पालन करण्याचा मार्ग नव्हे. रोजच्या पातळीवर चुका आणि इशारे नोंदवावेत. बारीक पातळी ठरावीक कामासाठी, ठरावीक वेळेपुरती चालू करावी आणि त्या काळात तयार झालेल्या फायली कुणाच्या ताब्यात राहतील, हे आधी ठरवावे.

हे पुस्तक सपोर्ट इंजिनिअर, डीबीए आणि पहिली नोकरी करणारे प्रोग्रामर यांच्यासाठी आहे. एसक्यूएलची ओळख आणि कमांड लाइनवर फाइल उघडून बदलण्याचा सराव, एवढे गृहीत धरले आहे. प्रोटोकॉलचे ज्ञान गृहीत धरलेले नाही. पहिला भाग ओडीबीसीचा, दुसरा जावाचा, तिसरा लॉग वाचण्याचा आणि चौथा सुरक्षिततेचा. ज्याच्यासमोर आत्ता पेटलेली प्रणाली आहे, त्याने आपल्या ड्रायव्हरचे प्रकरण काढून तिथली ओळ तपासावी आणि चौथा भाग वाचल्याशिवाय ती प्रॉडक्शनवर लिहू नये. सवड असलेल्याने आपल्या लॅपटॉपवर पोस्टग्रेस बसवून तिसऱ्या भागातले लॉग स्वतः तयार करावेत. एक तयार स्टेटमेंट दहा वेळा चालवून 'नल'चे 'एस_१' होताना पाहिले, की पुढची प्रकरणे फार सोपी जातात.

शेवटचे प्रकरण लॉग बंद करण्याचे आहे, आणि ते लांब आहे. फाइलची मूळ प्रत आधी बाजूला ठेवलेली असावी आणि तीच परत बसवावी. रीस्टार्ट लागत असेल तर तो करून घ्यावा. पाच मिनिटांनी लॉगच्या फाइलचा आकार वाढत नाही ना, हे पाहावे. जमा झालेल्या फायली परवानगी असलेल्या जागी एन्क्रिप्ट करून हलवाव्यात, मूळ जागच्या पुसाव्यात आणि तिकिटात लॉग चालू केल्याची व बंद केल्याची वेळ, दोन्ही लिहाव्यात. या कामांची एक पानी यादी परिशिष्टात आहे. ती छापून टीमच्या फळ्यावर लावता येईल अशा आकारात मांडली आहे.